अख्खं पाकीट पास

...नाही, पण मी म्हणते, लग्न तीन दिवसांवर आलेलं असताना नवरीमुलीने जेवणाच्या सुट्टीत वर्कशॉपचं दार आतून लावून घ्यायचं, सोबत नवरामुलगा, आणि करायचं काय, तर वजनं टांगायची? वजनं! माझ्या लोड टेस्टच्या हुकाला! आणि त्या हुकाला काय लटकत होतं ते सांगते, सांगते, जरा दम खाऊ द्या, कारण ते नुसतं आठवलं तरी मला अजून हसावं की रडावं कळत नाही.

तुम्हाला सांगते, माझं वर्कशॉप लिफ्टचं. लिफ्ट बसवायच्या, दुरुस्त करायच्या, अडकलेल्या माणसांना बाहेर काढायचं आणि वर त्यांच्या शिव्या खायच्या. पस्तीस वर्षं हेच चाललंय. लग्नबिग्न केलं नाही, वेळच मिळाला नाही, आणि मिळाला तेव्हा माणूस मिळाला नाही, जाऊ दे, तो विषय नाही! विषय आहे माझी भाची. माझ्या थोरल्या बहिणीची मुलगी. शाळेत होती तेव्हापासून सुट्टी लागली की माझ्याकडे येऊन पाना घेऊन बसायची, म्हणून सगळे तिला पानाच म्हणतात. आता सव्वीस वर्षांची आहे, आणि लिफ्टच्या शाफ्टमध्ये दोर बांधून उतरते तेव्हा भले भले पुरुष वरून डोळे मिटून घेतात. मी नाही मिटत. मी बघते. बघून माझी छाती फुगते, खोटं कशाला बोलू?

आणि माझ्याकडे शिकायचं म्हणजे पहिला नियम काय? जे काही माणसाचं वजन घेणार, ते आधी लोड लावून बघायचं. सगळं. एकूण एक! एक रोप, म्हणजे लिफ्टचा तारेचा दोर हो, चांगला निघाला म्हणून त्याचा शेजारी चांगला असेल, असं धरायचं नाही. शेजाऱ्यांचं काय सांगता येतं? हा नियम मी त्या पोरीच्या डोक्यात इतका ठोकलाय, इतका ठोकलाय, की ती हॉटेलात खुर्चीवर बसण्याआधी खुर्ची हलवून बघते. लोक हसतात. हसू देत. पोरगी माझ्या हाताखाली शिकलीय!

तर या पानाचं लग्न ठरलं. कुणाशी? ब्रेकवाल्याशी. ब्रेकवाला म्हणजे दुसऱ्या कंपनीतला, फक्त ब्रेक बसवतो, उंच, लाजाळू, बोलायला लागला की आधी कान लाल होतात आणि मग शब्द येतात. एका इमारतीत हिची लिफ्ट आणि त्याचा ब्रेक, दोघं मिळून तीन दिवस एकाच स्प्रिंगवर भांडले आणि चौथ्या दिवशी मला येऊन म्हणाले, मावशी, आम्ही लग्न करतोय. मी म्हटलं, स्प्रिंगचं काय झालं? तर दोघं एकदम म्हणाले, "बदलली!" झालं, मला कळलं की जोडी टिकणार.

पण गंमत अशी... गंमत कसली, घोर म्हणा! लग्न ठरतंय तोवर पानाला ट्रेनिंगचं पत्र आलं. उंच टॉवरचं. साठ-साठ मजल्यांचे शाफ्ट, दीड वर्षाचं ट्रेनिंग, आमच्या लाईनमध्ये याच्यावर काही नाही. दोनदा हिला नाही म्हणाले होते, तिसऱ्यांदा घेतलं. आणि त्यांचा नियम असा की दिवस राहिलेल्या बाईला शाफ्टमध्ये सोडायचं नाही. बरोबरच आहे, मीही सोडणार नाही. पण मग ती जागा जाते दुसऱ्याला, आणि परत रांगेत उभं राहा शेवटून! तेव्हा पानाने ठरवलं, दीड वर्ष मूल नको. नको म्हणजे काय, हवंय तिला, पुढे दोन हवीत म्हणते. मला म्हणाली, "मावशी, बटण दाबल्यावर यायला हवं गं. न दाबता येते ती बिघडलेली लिफ्ट."

आता हे कुणाला विचारायचं? आधी गेली बिचारी आईकडे. माझी ताई म्हणजे काय सांगू तुम्हाला! घरात एकटी असली तरी असलं काही बोलायचं झालं तर खिडकी लावून घेते. पाना म्हणाली, "आई, लग्नाआधी मला ठरवायचंय, दिवस राहू नयेत म्हणून काय वापरायचं?" ताईने खिडकी लावली. मग पडदा ओढला. मग हळू आवाजात... "अगं, ते असं आधीपासून नसतं ठरवायचं. ते आपलं आपण होतं." ही म्हणाली, "ते म्हणजे काय, आई?" "ते म्हणजे... ते!" "आणि झाल्यावर?" "झाल्यावर बघतात सगळे. आमच्या वेळी कुठं होतं काय? तुझंच बघ की, लग्नाला वर्ष नाही झालं तर तू माझ्या मांडीवर!" आणि पाना म्हणाली, "म्हणून तर विचारतेय ना, आई!"

तहान लागल्यावर विहीर खणणारं घराणं आमचं! पण ही नाही. ही सरळ माझ्याकडे आली. मी ग्रीसमध्ये कोपरापर्यंत हात घालून बसलेली. म्हटलं, "अगं, मी बिनलग्नाची बाई, मला काय विचारतेस?" तर म्हणाली, "मावशी, तुला लाज वाटत नाही ना, म्हणून." आता ही स्तुती की शिवी ते मी ठरवत बसले नाही. अख्ख्या खानदानात विचारण्यासारखं माणूस कोण वाटलं पोरीला? मी! ग्रीस पुसलं, ब्रेकवाल्याला बोलावून घेतलं, दोघांना स्कूटरच्या मागेपुढे घातलं, आणि... बरं, दोघांना नाही, एकाला मागे बसवलं, ब्रेकवाला त्याच्या सायकलवर आला. सरळ डॉक्टरीणबाईंकडे.

डॉक्टरीणबाई फार गोड. एकेक शब्द बशीत ठेवून दिल्यासारखा बोलतात. "हं... तर... आपल्याकडे... बरेच पर्याय आहेत." आणि मांडायला लागल्या. गोळ्या आहेत, रोज एक, ठरल्या वेळी. इंजेक्शन आहे, घेतलं की काही महिने चिंता नाही. तांबी आहे, आत बसवायची, वर्षानुवर्षं चालते, आणि मूल नसलेल्या बाईलाही बसवता येते बरं का, ती भीती मनातून काढा. कंडोम आहे, तो रोगांपासूनही वाचवतो, बाकी कुणी वाचवत नाही. ब्रेकवाला इतका वेळ छताच्या पंख्याकडे बघत होता, तो पंखा बंद होता तरी! आणि पानाने काय विचारावं? कुठलं स्वस्त, कुठलं सोपं, असलं काही नाही. म्हणाली, "बाई, यातलं प्रत्येक फेल कसं होतं, ते सांगा."

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. म्हणाल्या, "इतकी वर्षं या खुर्चीत बसतेय... हे कुणी विचारलं नव्हतं हो." मी नुसती खुर्चीत जरा ताठ बसले. पोरगी माझ्या हाताखाली शिकलीय!

मग बाई खुलल्या. गोळी फेल होते विसरलात तर. कंडोम फेल होतो तो नीट चढवला नाही तर, तारीख उलटली तर, तेल-मलम काही लावलं तर, नाहीतर महिनोन् महिने पाकिटात घालून त्याच्यावर बसलात तर. तांबी सगळ्यात कमी फेल होते, कारण तिची आठवण कुणाला ठेवावीच लागत नाही, पण सुरुवातीचे काही महिने पाळी जरा जास्त जाऊ शकते. पानाने विचार केला. म्हणाली, सुरुवातीचे महिने म्हणजे माझं शाफ्टमध्ये दिवसभर लटकणं सुरू होतंय, तेव्हा आत्ता तांबी नको, पुढे बघू. इंजेक्शन एकदा घेतलं की मधेच थांबवता येत नाही म्हणता, मला मनात आलं की थांबवता यायला पाहिजे. मग गोळी. बाईंनी रक्तदाब मोजला, डोकं अर्धं दुखतं का विचारलं, सिगरेट ओढतेस का विचारलं, सगळं ठीक. पण म्हणाल्या, पाळी येऊन बरेच दिवस झालेत, तेव्हा आज गोळी सुरू केलीस तरी पहिला आठवडा ती भरवशाची नाही. आणि लग्न होतं चार दिवसांवर! तर पाना म्हणाली, "तसंही एका रोपावर लिफ्ट टांगत नाहीत, बाई. गोळी आणि कंडोम, दोन्ही."

आणि आता ऐका हं. इतका वेळ पंख्याला डोळे लावून बसलेला तो ब्रेकवाला. कान आधी लाल झाले, मग जांभळे झाले, मग शब्द आले. "म्हणजे कंडोमचं काम माझं. मग ते नीट कसं बसवायचं ते... मला दाखवा. मी पूर्वी कधी... म्हणजे आम्ही दोघांनीही कधी..." बस, पुढचं त्याला बोलवेना. पण बोलला ना! किती पुरुष बोलतात हो? बाईंनी कपाटातून लाकडी नमुना काढला, टोकाला चिमटीत धरून हवा कशी काढायची, मुळापर्यंत कसं उलगडायचं, नंतर धरून कसं काढायचं, सगळं दाखवलं, आणि त्या पोराने ब्रेकची स्प्रिंग बघावी तसं डोळे बारीक करून बघितलं. मला त्याला तिथंच जावई म्हणून मिठी मारावीशी वाटली. शेवटी बाई म्हणाल्या, "घरी एखादा उघडून हात बसवून घ्या, म्हणजे ऐनवेळी गडबड नको." एखादा! एखादा म्हणाल्या हो बाई. माझ्या कानांनी ऐकलंय.

मग दवाखान्याखालच्या औषधाच्या दुकानात. तिथं मी बाहेर थांबले, आत फार गर्दी होती, पण पानाचा आवाज शाफ्टमध्ये बोलून बोलून असा झालाय की तळमजल्यावरून बोलली तर गच्चीवर ऐकू जातो. "कंडोमचं मोठं पाकीट द्या!" दुकानदार कुजबुजत, "मॅडम, हळू..." "हळू का? संपलेत का?" "नाही, नाही, आहेत, तुम्ही जरा बाजूला..." "तारीख दाखवा. आणि हे उन्हात तर नव्हतं ना ठेवलेलं? तुमच्या त्या काचेत ऊन येतं!" एक गृहस्थ खोकल्याचं औषध घ्यायला आले होते, त्यांचा खोकला तिथंच थांबला. दुकानदाराने पाकीट कागदात गुंडाळलं, तो कागद दुसऱ्या कागदात गुंडाळला, तर हिने दोन्ही काढून त्याच्याच हातात दिले. "कचरा कशाला?" म्हणाली, आणि पाकीट हातात धरून, जसं गृहिणी पावाचं पाकीट धरते तसं, चालत बाहेर. मागून ब्रेकवाला. मान वर करून, बरं का! कान लाल, पण मान वर!

तर आता या वर्कशॉपवर. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी परत आले तर दार बंद. आतून कुजबुज. "अजून अर्धा लिटर घाल." "फुटेल गं." "फुटला तर आत्ताच फुटू दे ना!" मी दारावर थाप मारली. दार उघडलं, आणि बघते तर माझ्या लोड टेस्टच्या हुकाला, ज्याच्यावर आम्ही रोप ताणून बघतो त्या हुकाला, पाण्याने टम्म भरलेला कंडोम! दुधीभोपळ्याएवढा! खाली बादली, बादलीशेजारी माझी नवरीमुलगी, आणि स्टुलावर उभा नवरामुलगा, हातात माप.

आता माझ्या जागी दुसरी कुणी असती तर काय केलं असतं? किंचाळली असती. डोळ्यांवर हात घेतला असता. ताई असती तर तिने खिडक्या लावल्या असत्या! आणि मी? मी दार पुन्हा आतून लावलं, जवळ गेले, चारी बाजूंनी बघितलं आणि विचारलं, "किती लोड?" "दीड लिटर झालं, मावशी." "गळती?" "थेंब नाही!" आणि खरं सांगते, त्या वस्तूबद्दल मला असा आदर वाटला! एवढंसं रबर, पण काय काम! म्हटलं, "पास! पुढचा घ्या."

पुढचा! ऐकलंत ना? मीच म्हटलं. हा पास झाला म्हणून शेजारचा पास होईल असं थोडंच आहे? नियम तो नियम. मग काय, ब्रेकवाला आधी हातोडीच्या दांड्यावर चढवायचा, बाईंनी दाखवलं तसा, हवा काढून, मुळापर्यंत. पहिला अडला, दुसरा बरा गेला, पाचव्या-सहाव्यापासून त्या मुलाचा हात असा बसला की मी त्याला दुसऱ्या कंपनीतून पळवून आणायचा विचार केला. मग उतरवायचा, पाना पाणी भरायची, हुकाला टांगायची, आणि मी खालून बॅटरी मारून बघायची. "पास!" "पास!" "हाही पास!" सुट्टी संपली तरी आमचं चाललेलंच. शेवटचा पास झाला तेव्हा आम्ही तिघांनी टाळ्या वाजवल्या. टाळ्या! अख्खं पाकीट, एकही नापास नाही! मी स्वतः सगळे गोळा करून कचऱ्यात टाकले, समाधानाने हात धुतले आणि म्हटलं, जा पोरांनो, आता निर्धास्त लग्न करा.

काय? हसताय? लक्षात आलं तुमच्या? हो ना? तुमच्या लगेच लक्षात आलं! आमच्या तिघांत मिळून पन्नासएक वर्षांचा अनुभव आहे लिफ्टचा, आणि आमच्या एकाच्याही लक्षात आलं नाही!

लग्न झालं. सह्या केल्या, फोटो काढले, ताई रडली. दोघं ब्रेकवाल्याच्या मित्राच्या घरी गेले, तळ्याकाठी, इथून तासाभरावर, तिथं ना शेजार ना दुकान. आणि संध्याकाळी मला पानाचा फोन. "मावशी..." "काय गं, पोचलात?" "हो... मावशी, ते सगळे पास झाले ना?" "म्हणजे काय! एकूण एक!" "मग आता... वापरायचा कुठला?"

तुम्हाला सांगते, मी फोन धरून भिंतीला टेकले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, म्हणतात ना... आमचे तर तीन अतिशहाणे! मी म्हटलं, "अगं, गोळी तर सुरू आहे ना तुझी?" माझ्या तोंडून गेलं हो, घाईत गेलं! तर पलीकडून पोरगी मलाच काय म्हणाली? म्हणाली, "मावशी, आठवडा झालाय का? एवढ्यातेवढ्यासाठी चालवून घ्यायचं असं तू मला कधी शिकवलंस?" आणि मागून ब्रेकवाल्याचा आवाज, लाजत, पण स्पष्ट, "मावशी, काळजी करू नका. ब्रेक नाही तर गाडी नाही!" आणि दोघं हसायला लागले. नवी लग्नाची जोडी, पहिली रात्र, सव्वीस वर्षं थांबलेली, आणि हसतायत! रुसवा नाही, फुगवा नाही, "एका वेळेने काय होतंय" नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. अभिमानाने आलं, सरळ सांगते. इथं जगात लोक एका वेळेने काय होतंय म्हणून आयुष्यभराचं करून बसतात, आणि माझी पोरगी लग्नाच्या दिवशी म्हणते, तपासणीशिवाय लिफ्ट सुरू नाही. पोरगी माझ्या हाताखाली शिकलीय... नाही, आता मीच तिच्या हाताखाली शिकावं म्हणते!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठले, म्हटलं, खापर आपल्याही डोक्यावर आहे. आमच्या गल्लीतल्या दुकानात गेले, पाकीट घेतलं, आणि स्कूटर मारली. तिथं पोचते तर काय, दोघं लवकर उठून त्या घराच्या सगळ्या दारांच्या बिजागऱ्यांना तेल घालून बसलेले, नळांचे वायसर बदललेले, गेट इतकी वर्षं कुरकुरत होतं ते आता बोटाने ढकललं की उघडतंय! मित्र म्हणे नंतर विचारत होता, लग्न झालेलं आणखी कुणी असेल तर पाठवा. मी पाकीट पानाच्या हातात दिलं. तिने तारीख बघितली. मग कडेला बोट फिरवून बघितलं. मग माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "खबरदार! उघडलंस तर बघ!" आणि स्कूटर वळवली, चहासुद्धा न घेता.

आता सहा महिने झाले. पाना साठाव्या मजल्यावर आहे! परवा गेले होते बघायला. मान इतकी वर केली की टोपी पडली, आणि वरून हात हलवणारा ठिपका, तो आमचा! तिथला मोठा साहेब मला म्हणाला, बाई, असं पोरगं पाठवलंत, फार सावध आहे हो. मी म्हटलं, पोरगं नाही, पोरगी, आणि सावध का आहे ते तुम्हाला सांगत बसले तर तुमचा टॉवर राहील बाजूला. गोळी रोज सकाळी घेते, तिची ती. त्याचं तो बघतो. आणि मूल येईल, येईल हो, तिने बटण दाबलं की येईल!

फक्त एक झालं. त्यांची खोली टॉवरशेजारी, भोवती सगळं बांधकाम, औषधाचं दुकान नाही. सुट्टीला येतात तेव्हा दुकानं बंद. मग काय, पाकीट आणायचं काम आपोआप माझ्याकडे आलं. महिन्याला एक, आमच्या गल्लीतल्याच दुकानातून, जिथं मी दहा वर्षं फक्त गुडघ्यांचं मलम घेते. पहिल्यांदा त्याने पाकीट काढून दिलं. दुसऱ्यांदा मीच म्हटलं, "भाचीसाठी आहे हो." तर डोळे मिचकावून म्हणाला, "हो, हो, मावशी, सगळे असंच म्हणतात." तिसऱ्यांदा उठून उभाच राहिला, म्हणाला, "मानलं तुम्हाला!" मी सांगितलं त्याला, अरे बाबा, लग्नसुद्धा झालेलं नाही माझं! तर म्हणाला, "हल्ली कुठं लागतंय?" आणि आता तर मी पायरी चढले की न विचारता दोन्ही एकत्र बांधून ठेवतो, पाकीट आणि मलम, आणि फार काळजीने, हळू आवाजात विचारतो, "मावशी, गुडघ्यांना हे मलम पुरतंय ना? नाहीतर जरा जास्त जोराचं आलंय..." आणि मी, तुम्हाला सांगते, पस्तीस वर्षं लिफ्ट बसवलेली बाई, मान खाली घालून म्हणते, "दे बाबा, दे, जोराचंच दे."